केरळच्या आधी कोण? तुम्ही विचारलंत म्हणून

‘मतपेटीतून निवडून आलेलं जगातलं पहिलं कम्युनिस्ट सरकार केरळचंच ना?’ हा प्रश्न मला अधूनमधून येतोच. एप्रिल १९५७मध्ये नंबुद्रीपाद मुख्यमंत्री झाले, ते खरंच. पण त्याआधी बारा वर्षं सान मारिनोत कम्युनिस्ट सत्तेवर होते.

चहूबाजूंनी इटलीने वेढलेला हा देश जेमतेम ६१ चौरस किलोमीटरचा. तिथला कम्युनिस्ट पक्ष १९२१चा, पण लगेच फॅसिस्टांची राजवट आली आणि त्याला दबूनच राहावं लागलं. युद्धात देश तटस्थ होता, तरी जून १९४४मध्ये ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकले. मार्च १९४५च्या निवडणुकीत कम्युनिस्ट आणि समाजवादी यांच्या आघाडीने बहुमत मिळवलं. आघाडी होती, एकट्याचं राज्य नव्हे; केरळवाले इथे बोट ठेवतात आणि ते चूक नाही. शिवाय मतदार फक्त पुरुष. तिथल्या बायकांनी पहिल्यांदा मत दिलं १९६४ साली!

सत्तेत आल्यावर त्यांनी काय केलं? तर १९४९मध्ये कॅसिनो काढला. तिजोरीत खडखडाट होता, दुसरं काय करणार? इटलीने मग सरहद्दीवर नाकाबंदी लावली.

खरी गंमत १९५७ची. साठ जणांच्या विधिमंडळात डाव्यांचे ३५. पाच समाजवादी फुटले, ३०-३० झालं. मग कम्युनिस्टांच्या यादीतून निवडून आलेला एक जण पलीकडे गेला. आयाराम-गयाराम हा शब्द आपल्याकडे यायला अजून दहा वर्षं होती. डाव्यांनी आपल्या सदस्यांचे राजीनामे पुढे करून विधिमंडळच बरखास्त करून टाकलं. त्यासाठी त्यांच्याकडून आधीच सह्या घेऊन ठेवल्या होत्या म्हणे. विरोधकांनी सरहद्दीलगतच्या रोवेरेता गावात, एका बंद कारखान्यात, आपलं वेगळं सरकार मांडलं. आपल्या आमदारांच्या नशिबी निदान रिसॉर्ट तरी असतं. कारखान्यातल्या सरकारला इटलीने लगेच मान्यता दिली, अमेरिकेनेही दिली. दोन आठवडे दोन्हीकडे बंदुका सज्ज होत्या, पण रक्त सांडलं नाही. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत डाव्यांनी माघार घेतली.

१९७८मध्ये कम्युनिस्ट पुन्हा सत्तेत आले. आणि १९८६मध्ये तर चक्क ख्रिस्ती लोकशाही पक्षाबरोबर मंत्रिमंडळात बसले, म्हणजे रोवेरेताच्या कारखान्यात ठाण मांडणाऱ्यांच्याच मांडीला मांडी लावून. चार वर्षांनी त्यांनी नावातला ‘कम्युनिस्ट’ काढून टाकला.