मोटरहोमची गळकी खिडकी: काढून, साफ करून, पुन्हा बसवताना

बाहेरून सिलिकॉनची नळी फिरवली की गळती थांबते, हा समज आधी डोक्यातून काढावा लागला. ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधलेल्या आमच्या मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, सरकत्या खिडकीला बाहेरून सिलिकॉनचे दोन थर फासलेले होते, तरी आतला प्लाय ओला होतच होता. अशा खिडकीत फ्रेमची बाहेरची कड आणि पत्रा यांच्यामध्ये ब्यूटाइलची, म्हणजे नरम, चिकट रबरासारख्या पदार्थाची पट्टी असते. भिंतीच्या आतल्या बाजूने बसणारी रिंग स्क्रूने ओढली की ती पट्टी दाबली जाते, आणि पाणी अडतं ते या दाबामुळे. इंदूरजवळच्या भेरूघाटाच्या वळणांवर बॉडी सतत पिळवटत असते. नरम ब्यूटाइल त्या पिळाबरोबर हलतं, वरून फासलेला पातळ थर मात्र कडेने सुटतो.

इंदूरला पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो, म्हणून काम मे महिन्यातच काढलं. लाकूड सुकायला वेळ मिळायला हवा.

खिडकी उचकटण्याआधी ती खरंच गळते आहे का, हे बघायचं. थेंब खिडकीच्या कोपऱ्यातून पडतो, पण पाणी शिरलेलं असतं छतावरच्या व्हेंटमधून किंवा बाजूला उघडणाऱ्या कापडी छत्रीच्या (ऑनिंगच्या) पट्टीच्या स्क्रूमधून. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं. दुसऱ्याने पाइपाची बारीक धार आधी खालच्या कडेवर पाचेक मिनिटं धरायची, मग दोन्ही बाजूंवर, मग वरच्या कडेवर आणि शेवटी छतावर. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि कळत काहीच नाही. सरकत्या खिडकीच्या खालच्या खाचेत निचऱ्याची भोकं असतात. ती धुळीने बुजली की खाच भरून पाणी आत सांडतं. जुना टूथब्रश आणि बारीक तार फिरवली की पुष्कळदा एवढ्यावरच निभावतं. आमच्याकडे ती भोकं सिलिकॉननेच बुजली होती, शिवाय वरच्या कडेतूनही पाणी येत होतं. म्हणजे खिडकी काढणं भाग होतं.

काढायला दोन माणसं हवीत. आतल्या रिंगचे स्क्रू हाताने सोडवताना बाहेर कुणीतरी खिडकी धरून उभं राहिलंच पाहिजे. फ्रेम सिलिकॉनने धरून ठेवली असेल तर मासेमारीची नायलॉन दोरी कडेमागून करवतीसारखी ओढायची. लोखंडी पट्टी घुसवली की रंगावर ओरखडा पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच गंज धरतो.

सगळ्यात जास्त वेळ साफसफाईत जातो, आणि तिथेच लोक घाई करतात. उन्हात तापलेलं ब्यूटाइल च्युइंगमसारखं ताणलं जातं, म्हणून हे काम सकाळी लवकर करायचं. जुन्या ब्यूटाइलचाच गोळा उरलेल्या डागांवर दाबून झटक्यात उचलला की बराच भाग निघून येतो. बाकीचं रॉकेलच्या फडक्याने पुसायचं आणि शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. सिलिकॉन मात्र या दोन्हींनी विरघळत नाही. ते प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडूनच काढावं लागतं. संपलं की नाही हे बघायला त्या जागी मास्किंग टेप चिकटवायची. टेप नीट धरत नसेल तर सिलिकॉनचा पापुद्रा अजून आहे, आणि त्यावर ब्यूटाइलही धरणार नाही. रॉकेल दाराखिडक्यांच्या रबराला लागू देऊ नका, रबर फुगतं. तावदान ॲक्रिलिकचं असेल तर अल्कोहोल, थिनर, पेट्रोल यांपैकी काहीही नको, बारीक चिरा पडतात; साबणाचं पाणी पुरे.

पत्र्याची कापलेली कड १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून तिला झिंकचा प्रायमर दिला. आतल्या लाकडी चौकटीत स्क्रूड्रायव्हरचं टोक सहज रुतलं तर तेवढा तुकडा बदलायचा. लाकडातला ओलावा मोजणारा मॉइश्चर मीटर २० टक्क्यांच्या वर दाखवत असेल तर खिडकी परत बसवू नये; १५ च्या आत आलं की बरं. भिंतीची जाडी चारही बाजूंनी मोजा. कुजलेलं लाकूड दबतं, मग स्क्रू शेवटपर्यंत जातात पण रिंग पत्र्याला ओढतच नाही. तिथे प्लायची पातळ पट्टी भरावी लागते.

ब्यूटाइलच्या टेपचा हिशेब सोपा आहे. ९०० बाय ४५० मिलिमीटरच्या खिडकीचा घेर २.७ मीटर, म्हणजे ३ मीटर धरा. जाडी ३ मिलिमीटर, रुंदी फ्रेमच्या कडेएवढी. आम्हाला २० मिलिमीटरची लागली. सुरुवात खालच्या कडेच्या मधोमध करायची, म्हणजे जोडही तिथेच येतो, पाण्याच्या वाटेत वर येत नाही. कोपऱ्यावर टेप ओढायची नाही. ओढली की पातळ होते आणि तिथूनच गळते. दोन टोकं तिरकी कापून एकमेकांवर दाबायची. पत्र्यावर उंचवट्याची रेघ असेल तर तिच्या दोन्ही बाजूंच्या खोलगटात टेपचा आणखी एक तुकडा.

खिडकी आधी खालच्या कडेवर टेकवून मग वरून आत दाबली. स्क्रू सगळे हलकेच लावून घेतले, नंतर चाकाचे नट कसतात तसे समोरासमोरचे थोडेथोडे आवळले. ड्रिल वापरू नका: ॲल्युमिनियममधले आटे जातात आणि रिंग वाकते. ब्यूटाइल चारही बाजूंनी सारखं बाहेर यायला हवं. जिथे येत नाही तिथे दाब कमी आहे.

रात्रभरात ब्यूटाइल पसरतं आणि स्क्रू पुन्हा सैल लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी पाव आटा आणखी. बाहेर आलेलं ब्यूटाइल त्याच सकाळी, पत्रा थंड असताना, प्लॅस्टिकच्या पट्टीने कापलं. मग पाइपाची तीच चाचणी, त्याच क्रमाने. वरून सीलंट लावायचाच असेल तर वरच्या आणि दोन्ही उभ्या कडांना लावा. खालची कड मोकळी ठेवा, नाहीतर आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही.