पुढे मोठा टाकू

शुक्रवार, रात्र

तिसरी टेप आज अर्ध्यावर बंद केली. साडेआठला काम लावलं होतं, साडेदहाला बघितलं तर चाळीस मिनिटांचं चित्रण जेमतेम पूर्ण झालेलं. त्या दोन तासांत याच संगणकावर एक मेल उघडायची होती, तीही धड उघडली नाही.

बाबांच्या हँडीकॅमच्या बावीस मिनीडीव्ही टेप्स आहेत. मागच्या वर्षी फायरवायरच्या वायरीने त्या सगळ्या उतरवून घेतल्या; तासाभराची टेप म्हणजे साधारण १३ जीबीची फाइल. उतरवणं सोपं होतं, कारण टेप आपल्या गतीने फिरते आणि संगणक नुसता लिहून घेतो. खरं काम त्यानंतरचं. या चित्रणात प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असते, एक विषम ओळींचं आणि एक सम ओळींचं. जुन्या डब्बा टीव्हीवर ते छान दिसायचं. आताच्या पडद्यावर धावणाऱ्या मुलाच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. ते दात काढणारा चांगला फिल्टर पुढच्यामागच्या कितीतरी फ्रेम्स बघून मधल्या ओळी भरतो, आणि मग सगळं एच.२६४ या लहान फाइलच्या प्रकारात आवळायचं. तासाभराच्या टेपला तीन तास लागतायत. बावीस टेप्स म्हणजे सहासष्ट तास, तेही मध्ये काही अडलं नाही तर.

काम चालू असताना पाहून ठेवलं: प्रोसेसरचे दोन्ही कोअर, म्हणजे त्यातले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, शंभर टक्क्यांवर, डिस्क जवळजवळ रिकामी बसलेली, आठ जीबी रॅममधली निम्मी मोकळी. तीन वर्षांपूर्वी हा संगणक सुरू व्हायलाच चार मिनिटं घ्यायचा, तेव्हा अडचण हार्डडिस्कची होती आणि एसएसडी टाकल्यावर ती मिटली. आत्ता अडतंय ते प्रोसेसरपाशीच. एवढं नक्की झाल्याशिवाय मी पैसे काढणार नव्हते.

शनिवार, दुपार

कपाटातून संगणकाचं जुनं बिल काढलं. जानेवारी २०१२. मागच्या बाजूला बाबांच्या अक्षरात: "प्रोसेसर सध्या छोटा घेतला. सॉकेट ११५५. पुढे मोठा टाकू."

सध्याचा म्हणजे पेंटियम जी६२०. दोन कोअर, दोनच थ्रेड (एका वेळी चालू शकणारी कामं), २.६ गिगाहर्ट्झ, टर्बो (गरजेला आपोआप वाढणारा वेग) नाही. एव्हीएक्स नावाच्या सूचना, ज्यांचा व्हिडिओच्या कामात चांगला उपयोग होतो, त्याही यात नाहीत. त्या काळात सँडी ब्रिज या इंटेलच्या पिढीतल्या मोठ्या चिप्समध्ये त्या होत्या, पेंटियममधून वगळलेल्या होत्या.

आता ११५५मध्ये, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरच्या या बैठकीत, काय काय बसतं? इंटेलच्या दोनच पिढ्या: २०११चा सँडी ब्रिज आणि २०१२चा आयव्ही ब्रिज. ११५६ वेगळं, ११५० वेगळं. एका आकड्याच्या फरकाने चिप बसत नाही, त्यामुळे जुन्या मालात शोधताना हे पहिलं बघायचं. माझ्यासमोर तीन पर्याय उरले. आय७-२६०० घेतला तर बायोसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रामला, हात लावावा लागणार नव्हता, पण तो ९५ वॅटचा. आय५-३४७० सगळ्यात स्वस्त पडत होता. चार कोअर, पण थ्रेडही चारच. आय७-३७७० चार कोअर, आठ थ्रेड, ३.४ गिगाहर्ट्झ, टर्बोत ३.९पर्यंत, आणि ७७ वॅट. माझा पेंटियम ६५ वॅटचा आहे, म्हणजे बारा वॅटची वाढ. इतकी जुनी एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि साधा एच६१ चिपसेटचा बोर्ड असताना तीस वॅटची वाढ अंगावर घ्यायला मन धजेना. एन्कोडिंग आठही थ्रेड वापरतं, म्हणून ३७७०. नवीन संगणकाचा विचार बाजूला ठेवला, त्यात बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळंच बदलावं लागलं असतं आणि तेवढी ऐपत या वर्षी नाही.

झिऑन ई३-१२३० व्ही२ही मोह पाडत होता. त्यातही चार कोअर, आठ थ्रेड आहेत. पण त्यात ग्राफिक्स नाही आणि माझ्याकडे वेगळं कार्ड नाही. पडदा काळाच राहिला असता. 'के' अक्षराच्या ३७७०केसाठी जास्त पैसे मोजण्यातही अर्थ नव्हता, एच६१वर ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे चिप ठरल्याहून जास्त वेगाने पळवणं, होत नाही. आणि ज्या चिपवर 'इंटेल कॉन्फिडेन्शियल' कोरलंय ती कितीही स्वस्त मिळाली तरी घ्यायची नाही, तो चाचणीसाठीचा नमुना असतो.

वापरलेला ३७७० मागवला. चिपच्या धातूच्या टोपीवरच्या अक्षरांचा स्पष्ट फोटो आधी मागून घेतला.

रविवार

आज बायोस. हे काम चिप हातात यायच्या आधीच, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचं असतं. नाहीतर बोर्ड नव्या चिपला ओळखणार नाही आणि अपडेट करायला संगणकच सुरू होणार नाही. बोर्डाच्या यादीत ३७७०च्या समोर बायोसची किमान आवृत्ती दिली होती, माझी त्याहून कितीतरी जुनी होती. एच६१सारख्या सहा मालिकेच्या चिपसेटवर आयव्ही ब्रिज चालवायचा तर त्याबरोबर मॅनेजमेंट इंजिन नावाच्या चिपसेटमधल्या छोट्या नियंत्रकाचं फर्मवेअरही सातव्यावरून आठव्या आवृत्तीवर न्यावं लागतं.

शेजारच्या काकूंकडून यूपीएस आणला. पट्टी शंभरपर्यंत जाईस्तोवर खुर्चीतून हलले नाही. मध्ये वीज गेली असती तर बोर्डच गेला असता, आणि त्याबरोबर ही सगळी खटपट.

बुधवार, रात्र

चिप आली. तळहाताच्या मध्यभागी मावेल एवढी, दीड इंचाच्या आसपासचा चौकोन.

आधी दहा मिनिटं संगणकाला काम देऊन गरम केलं, म्हणजे चिप आणि कूलरमधली, उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट जरा सैल होते. मग वायर काढून, पॉवरचं बटण दाबून उरलीसुरली वीज काढून टाकली आणि कॅबिनेट आडवं केलं. कूलरच्या चारही खिळ्यांची डोकी बाणाच्या दिशेने फिरवली, वर ओढली, आणि कूलर सरळ न उचलता डावी-उजवीकडे हलकेच पिळत सोडवला. खाली पेस्ट वाळून खपली धरलेली. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना सुती रुमाल. पुसता पुसता टोपीवरची अक्षरं पुन्हा वर आली, पेंटियम जी६२०. एवढ्या वर्षांत कुणी ती वाचली नव्हती.

दांडी उघडून चिप उचलली आणि खालचं सॉकेट दिसलं. या जातीत पिना चिपला नसतात, सॉकेटमध्ये असतात. ११५५ बारीक सोनेरी तारा, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या, वाऱ्याने वाकलेल्या गवतासारख्या. बोट लागलं तरी वाकतील. मी श्वास रोखून धरला होता हे नंतर लक्षात आलं. नव्या चिपचा सोनेरी त्रिकोण कोपऱ्याशी जुळवला, कडेच्या दोन खाचा सॉकेटच्या उंचवट्यांवर आल्या आणि चिप आपल्या वजनानेच खाली बसली. दाबायचं नाही. दाब दांडी देते, आणि तो बराच असतो. दांडी खाली नेताना करकरल्यासारखा आवाज येतो. तो आवाज येणारच हे आधी वाचलेलं असूनही हात थांबला.

मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट, वर कूलर, खिळ्या कोपऱ्या-कोपऱ्याने तिरक्या क्रमाने. टक्, टक्, टक्, आणि चौथी.

पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा काळा. आपोआप बंद, पुन्हा चालू. मग बायोसची निळी पाटी आली आणि तिच्यावर ३७७०. खाली रॅमचा वेग १३३३. माझ्या रॅमवर पहिल्यापासून १३३३च छापलंय, पण जी६२० १०६६च्या वर चालवतच नव्हता. म्हणजे रॅमही इतकी वर्षं हात आखडून बसली होती. हे मला ठाऊकच नव्हतं.

गुरुवार

सकाळी पूर्ण भार देऊन तापमान बघत बसले. चार मिनिटांत ९७ अंश. या चिपची मर्यादा १०५ आहे, ती गाठली की स्वतःच वेग कमी करते. पण ९७ला मी थांबवलं. कालची चौथी खिळी मनात होतीच. तिचा 'टक्' मला नीट ऐकू आला नव्हता आणि तरीही मी पुढे गेले होते.

बोर्ड बाहेर काढून मागून पाहिलं. तीन ठिकाणी पांढऱ्या पायाची दोन बोटं काळ्या खिळीने फाकलेली. चौथ्या ठिकाणी ती मिटलेलीच, अर्धवट भोकात. कूलरचा एक कोपरा केसभर उचललेला होता. पुन्हा सगळं पुसलं, पुन्हा पेस्ट, आणि या वेळी बोर्ड बाहेर असतानाच चारही पाय मागून बघून बसवले. संध्याकाळी तोच भार अर्धा तास दिला. ८२वर गेलं आणि तिथेच राहिलं. कूलर जुनाच आहे, तेव्हा मला हे पुरे आहे.

शनिवार, रात्र

तिसरी टेप: एकोणपन्नास मिनिटं.

विंडोज ११ला हा संगणक चालत नाही, त्याला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, आणि विंडोज १०चं समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ला संपलं. मी आधीच लिनक्सवर आले होते, त्यामुळे प्रोसेसर बदलल्यावर कुठे काही नव्याने टाकावं लागलं नाही.

संध्याकाळी बाबांना टेप दाखवली. कडांचे दात गेलेत. अंगणात पाण्याचा पाइप धरून मी पळतेय आणि कॅमेऱ्यामागून बाबांचा आवाज, "लेन्सवर नको, लेन्सवर नको!" त्यांनी तेवढाच तुकडा तीनदा लावायला सांगितला. मग जुना प्रोसेसर मागितला, भिंग लावून टोपीवरची अक्षरं वाचली आणि टेपच्या रिकाम्या डबीत ठेवला. बिल मी त्यांना दाखवलं. "मोठा कुठला टाकलास?" म्हणाले. मी सांगितलं. बिलाच्या मागे, आपल्याच ओळीखाली, त्यांनी ते लिहून घेतलं, आजच्या तारखेसकट.

चौथी टेप आत्ता चालू आहे, आणि हे मी त्याच संगणकावर लिहितेय. कुठे अडखळलं नाही. बाबा आत्ताच दारात येऊन विचारून गेले, पाचवीत काय आहे. डबीवरचं लेबल पुसलं गेलंय. ही झाली की लावते.