तुमच्या गावात भीती नाही का वाटत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. सुटीत वेंगुर्ल्याला गेले की मावशीपासून शाळेतल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: तुझे गाव समुद्राच्या पातळीखाली आहे म्हणे, मग रात्री झोप कशी लागते? मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि त्याने माझेच समाधान होत नाही, कारण खरे उत्तर द्यायचे तर गावाचा जन्म सांगावा लागतो.

मी राहते ते मिडनबेमस्टर नेदरलँड्समध्ये, ॲमस्टरडॅमच्या उत्तरेला, पुर्मरेंड शहराला लागून आहे. येथील जमीन समुद्रसपाटीपेक्षा सरासरी साडेतीन मीटर खाली आहे. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी या जागी दलदलीची पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची, भूमी होती आणि तीतून एक छोटी नदी वाहत असे. माणसांनी ती भूमी खणली, तिचा निचरा केला, तशी ती खचत गेली. साधारण ११५० ते १२५० या काळातल्या वादळांनी उरलेले काठ खाल्ले आणि नदीचे सरोवर झाले. ते झाउडरझे या समुद्राच्या आखाताला जोडलेले होते, त्यामुळे प्रत्येक वादळात भोवतालच्या गावांची जमीन थोडी थोडी त्याच्या पोटात जात असे.

हे सरोवर कोरडे करण्याचा परवाना ॲमस्टरडॅमच्या काही व्यापाऱ्यांना १६०७ साली मिळाला. त्यांतला एक प्रमुख डिर्क व्हान ओस. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या पहिल्या भागभांडवलाची ॲमस्टरडॅममधली नोंदणी १६०२ साली याच गृहस्थाच्या घरी झाली होती. त्याच कंपनीने पुढे १६३७ च्या सुमारास आमच्या वेंगुर्ल्यात वखार घातली. त्या वखारीच्या पडक्या भिंतींजवळून मी लहानपणी कितीदा गेले असेन. पूर्वेच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या माणसांनीच आपण आज राहतो ती जमीन पाण्यातून वर काढली, हे कळले त्या दिवशी मी बराच वेळ गप्प बसून होते.

कामाची पद्धत सांगायला सोपी आहे. सरोवराभोवती सुमारे चाळीस किलोमीटरचा बांध घालायचा, बांधाबाहेरून कालवा खणायचा, आणि आतले पाणी पवनचक्क्यांनी उचलून त्या कालव्यात टाकायचे. मात्र एका पवनचक्कीला पाणी जेमतेम दीड मीटर उचलता येते, म्हणून तीन-चार चक्क्या पायरीपायरीने मांडून एकीने दुसरीच्या हाती पाणी द्यायचे. अशा एकूण ४३ चक्क्या लागल्या. त्या बांधणाऱ्यांत शेजारच्या डे रायप गावचा यान लेगवाटर होता; त्याच्या आडनावाचा अर्थच ‘रिते पाणी’ असा आहे. १६१० साली, सरोवर कोरडे होत आलेले असताना, वादळात झाउडरझेचा बांध फुटला आणि सगळे पुन्हा भरले. त्या माणसांनी बांध आणखी उंच केला, चक्क्या पुन्हा चालू केल्या, आणि १९ मे १६१२ रोजी तळ उघडा पडला. मला या गावाच्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटतात ती मधली दोन वर्षे.

तळाला सुपीक समुद्री चिकणमाती निघाली. सरळ रस्ते आणि सरळ कालवे आखून तिचे चौकोन पाडले आणि गुंतवणूकदारांनी चिठ्ठ्या टाकून ते वाटून घेतले. त्या जाळ्यातल्या दोन मुख्य रस्त्यांच्या छेदावर आमचे गाव वसले. १६२३ साली पूर्ण झालेले चर्च आणि पिरॅमिडसारख्या छपराची शेतघरे, ज्यांत मधोमध गवताची गंजी आणि भोवती गुरे नि माणसे एकाच छपराखाली राहत, ही आजही उभी आहेत. १९९९ साली युनेस्कोने या सबंध प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

आता भीतीविषयी. दोन वर्षांपूर्वी मावशी येथे आली होती. ती अलिबागजवळच्या खारेपाटात दिलेली, म्हणजे खारबंदिस्तीचे, भरतीचे खारे पाणी शेताबाहेर अडवणारे, बांध पाहत म्हातारी झालेली. मी तिला बांधाच्या पायथ्याशी नेले. उतारावर मेंढ्या चरत होत्या आणि त्यांच्या वर, आमच्या डोक्यापेक्षाही उंचावरून, एक पांढरे शीड गवताच्या कडेने सरकत गेले. होडी दिसतच नव्हती. मावशीने ते नजरेआड होईपर्यंत पाहिले आणि मग विचारले, “ह्याची उघाडी कुठे गं?”

इतक्या वर्षांत मला कोणी विचारलेला हा सर्वांत नेमका प्रश्न होता. खारेपाटात ओहोटी लागली की उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, शेतातले पाणी आपसूक बाहेर पडते. येथे जमीन ओहोटीच्याही खाली असल्यामुळे पडलेला प्रत्येक पाऊस उचलूनच बाहेर काढावा लागतो. चक्क्यांची जागा एकोणिसाव्या शतकात वाफेच्या यंत्रांनी घेतली, पुढे डिझेलचे आणि विजेचे पंप आले. पण उचलणे थांबलेले नाही. त्यासाठी पाण्याचे वेगळे मंडळ आहे, त्याची निवडणूक होते, आणि त्याचा कर दरवर्षी आमच्याही घरी येतो. तो भरताना मी कधी कुरकुर केलेली नाही.

मावशीला मी पंपघरापाशी घेऊन गेले. आत जाता आले नाही, पण जाळीबाहेर उभे राहून पाणी वरच्या कालव्यात पडताना दिसत होते. ती कठड्याला हात टेकून म्हणाली, “म्हणजे ह्यांना ओहोटीची वाट बघत बसायला नको.” नंतर तिने पंपावर रात्री कोण असते, वीज गेली तर काय करतात, बांधावरच्या उंदरांचा बंदोबस्त कसा करतात, हे सगळे एकेक करून विचारून घेतले. झोप कशी लागते, हे मात्र तिने त्यानंतर विचारले नाही.