मजुरी सकाळपर्यंत ठेवू नको

"शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" हे आपण चर्चच्या उपासनेत इतक्यांदा ऐकतो की आता ते नुसतं कानावरून जातं. पण येशूने ते जिथून घेतलं तो बायबलातल्या लेवीय या पुस्तकाचा १९ वा अध्याय कधी सलग वाचलाय का? ही आज्ञा १८ व्या वचनात आहे, आणि फक्त पाच वचनं मागे, १३ व्यात, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवून घेऊ नको असं देव सांगतो. प्रीती आणि रोजंदारी एकाच पानावर!

नाशिकमध्ये राहून मला हे जास्तच लागतं. द्राक्षाची कामं सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडची माणसं दिंडोरी-निफाडला येतात, पोरंबाळं सोबत घेऊन, बागेच्या कडेलाच राहतात, आणि छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (घड विरळ करणं), तोडणी सगळं त्यांच्या हातावर चालतं. हिशोब मात्र कधीकधी "व्यापाऱ्याचं पेमेंट आलं की बघू" वर अडकतो. शेतकऱ्याची अडचण खोटी नाही हो, व्यापारी पैसे बुडवून गायब होतात हे आपल्याकडे सगळ्यांनी बघितलंय, पण तेल-मीठ आज संध्याकाळीच लागतं. बायबलातल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकात, २४:१५ मध्ये तर कारणच दिलंय, सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशाकडे लागलेला असतो. किती बारीक लक्ष आहे देवाचं! आणि लेवीयच्या त्याच अध्यायात द्राक्षमळ्यात गळून पडलेली फळं गोळा करू नको, गरिबाला आणि परक्याला राहू दे, असंही आहे. द्राक्षवाल्या जिल्ह्यातल्या चर्चच्या मंडळीत यावर प्रवचन व्हायलाच पाहिजे.

ज्यांची बाग नाही त्यांच्या घरी भांडी घासायला मावशी येते ना. तिचा पगार वेळेवर द्यायचा, तिच्या पोराच्या तापाच्या दिवसाचे पैसे कापायचे नाहीत, ही पण प्रीतीच आहे, आणि मला वाटतं वर्गणीच्या पाकिटाआधी ही येते.

चहाड्या करू नको हेही तिथेच, वचन १६. उपासनेनंतर कंपाउंडमध्ये कोणाची सून, कोणाचं कर्ज, हे सुरू होतं त्याने माणसं मंडळी सोडून जातात, खरंच जातात.

आणि वचन ३४, परक्यावरही स्वतःसारखीच प्रीती. आपल्या नाशिकच्या शरणपूरला हे करून दाखवलेलं आहे, १९ व्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना मिशनने तिथे ठेवून घेतलं, शिकवलं. त्यातलाच जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत लंडनला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत शवपेटीला धरून चालला. आज सातपूर-अंबडच्या कंपन्यांत यूपी-बिहारची पोरं एका खोलीत पाच-सहा राहतात, त्यांना आपण "भैया" सोडून नावाने तरी हाक मारतो का, निदान ख्रिसमसला फराळाचं ताट त्यांच्या दारात जातं का?

आमच्या प्रार्थनासभेत आजारी कोण, परीक्षा कोणाची, हे दर वेळी विचारतात. त्याच्या जोडीला "कोणाची मजुरी आपल्याकडे राहिलीय का" हेही विचारायला लागूया, असं मी पास्टरांना सांगितलंय.