दोन डगरींवर पाय

दोन डगरींवर पाय ठेवू नये असे आपल्याकडे लहानपणापासून बजावले जाते आणि ‘एक घाव दोन तुकडे’ करणाऱ्याचे मात्र कौतुक होते. ‘हे की ते, काय ते एकदा ठरवून टाक,’ हे वाक्य घरातली वडीलधारी माणसे जितक्या सहजपणे उच्चारतात, तितक्याच सहजपणे कारखान्यातले वरिष्ठही उच्चारतात. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत सव्वीस वर्षे प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या विभागात, काढल्यानंतर मला या वाक्याची धास्ती वाटू लागली आहे. ते ऐकले की मी आधी एवढेच शोधते, की असे दोनच पर्याय उरावेत यासाठी आपण कोणती गोष्ट न बदलणारी म्हणून मुकाट्याने धरून चाललो आहोत.

ही सवय मला एका अगदी साध्या प्रश्नाने लावली. प्रेसवर पत्र्याचा एक भाग काढून झाला की दुसऱ्या भागासाठी डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलावी लागते आणि ती बदलेपर्यंत प्रेस बंद राहते. डाय वारंवार बदलली तर प्रेसचे तास वाया जातात. तसे होऊ नये म्हणून एकाच भागाचा मोठा लॉट काढला, तर माल गोदामात पडून राहतो, त्यात पैसा अडकतो, पत्र्याला गंज चढतो आणि एखादा दोष निघाला तर हजारो नग एकदम भंगारात जातात. मी नोकरीला लागले तेव्हा उत्पादन विभाग मोठ्या लॉटसाठी भांडत असे आणि हिशेब विभाग लहान लॉटसाठी. दर सोमवारच्या बैठकीत हेच भांडण होई आणि दोन्ही बाजू खऱ्या असल्यामुळे ते कधी मिटत नसे.

या भांडणावरचा शास्त्रशुद्ध तोडगा फोर्ड व्हिटमन हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने १९१३ साली मांडला होता. वर्षाची मागणी, एकदा यंत्र मांडण्याचा खर्च आणि एक नग वर्षभर साठवण्याचा खर्च हे तीन आकडे घेऊन एकूण खर्च कमीत कमी राहील असा लॉट त्याच्या सूत्रातून निघतो. अभियांत्रिकीच्या पदविकेला मी हे सूत्र पाठ केले होते आणि कामावर ते वापरलेही होते. सूत्र बरोबरच आहे. पण त्यातून जे निघते तो मधला मार्ग असतो, म्हणजे दोन्हीकडचे नुकसान जितके कमी करता येईल तितके करून सोसायचे. हल्ली ‘समतोल साधा’ असा सल्ला जिकडेतिकडे दिला जातो, तोही मला याच जातीचा वाटतो. माणसाला अर्धे अर्धे तुटायला शिकवण्यापलीकडे तो फारसे काही देत नाही.

हॅरिसच्या सूत्रात यंत्र मांडण्याचा खर्च हा बाहेरून मिळालेला आकडा आहे. तो आकडा इतका का, हे सूत्र विचारत नाही, आणि आम्हीही अनेक वर्षे विचारले नाही. हा प्रश्न सर्वांत चिकाटीने विचारणारा माणूस म्हणजे जपानी अभियंते शिगेओ शिंगो. १९५० साली हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कारखान्यात, म्हणजे माझदा गाड्या बनवणाऱ्या कंपनीत, मोठ्या प्रेसवर काम अडते म्हणून त्यांना बोलावले होते. नवीन प्रेस घेण्याचा विचार तिथे चालू असताना शिंगो यांनी घड्याळ घेऊन आधी प्रत्यक्ष काम पाहण्याचा आग्रह धरला. तिसऱ्या दिवशी डाय बदलताना जुनी डाय उतरली आणि नवी बसवण्यासाठी लागणारा एक बोल्ट सापडेना. कामगार तासाहून अधिक वेळ तो शोधत हिंडला आणि शेवटी दुसऱ्या यंत्राचा लांब बोल्ट आणून, तो कापून, त्याला आटे पाडून त्याने वेळ निभावली. एवढा वेळ प्रेस बंदच होती.

या प्रसंगातून शिंगो यांना एक भेद दिसला. काही कामे यंत्र थांबल्याशिवाय करताच येत नाहीत, जसे डाय काढणे आणि चढवणे. बाकीची कामे यंत्र चालू असतानाच उरकता येतात, जसे बोल्ट शोधणे, पुढची डाय जवळ आणून ठेवणे, हत्यारे मांडून ठेवणे. आपण दोन्हींची सरमिसळ करून त्या सगळ्याला ‘सेटिंगचा वेळ’ म्हणतो आणि तो आकडा दगडावर कोरल्यासारखा सूत्रात घालतो. १९६९ साली टोयोटाच्या कारखान्यात १००० टनांच्या प्रेसची डाय बदलायला चार तास लागत असत आणि फोक्सवॅगनमध्ये तेच काम दोन तासांत होत असे. शिंगो आणि टोयोटाच्या लोकांनी सहा महिन्यांत ते दीड तासावर आणले. त्यानंतर व्यवस्थापनाने तीन मिनिटांची मागणी केली. अशक्य वाटणाऱ्या या मागणीनेच त्यांना पुढची पायरी सुचली: जी कामे यंत्र थांबवूनच होतात असे वाटते, त्यांतलीही काही यंत्र चालू असतानाच उरकता येतील अशी करायची. तीन महिन्यांत ते तीन मिनिटांवर पोहोचले.

चार तासांची तीन मिनिटे होणे म्हणजे ऐंशी पट घट. खर्च वेळेच्या प्रमाणात धरला, तर हॅरिसच्या सूत्रातल्या वर्गमुळामुळे योग्य लॉट साधारण एक नवमांशावर येतो. मोठा लॉट की लहान, हा वाद कोणी जिंकला नाही आणि कोणी हरलाही नाही, कारण ज्या आकड्यामुळे तो पेटला होता तो आकडाच खाली आला.

आमच्याकडे अडीचशे टनांच्या प्रेसवर अडीच तास लागत असत. मी डाय बसवणारा सेटर आणि हेल्पर यांच्याबरोबर बसून तीन आठवडे नोंदी केल्या, तेव्हा डाय प्रत्यक्ष चढवण्या-उतरवण्यात चाळीस मिनिटेही जात नाहीत असे आढळले. बाकीचा वेळ फोर्कलिफ्टची वाट पाहण्यात, वेगवेगळ्या मापांचे पाने शोधण्यात, डायची उंची जुळवण्यासाठी खाली पट्ट्या सरकवण्यात आणि पहिला नग तपासायला निरीक्षक येईपर्यंत थांबण्यात जात होता. आम्ही प्रत्येक डायखाली कायमच्या पट्ट्या बसवून सगळ्यांची उंची एकसारखी केली, बोल्ट एकाच मापाचे केले, पुढची डाय ट्रॉलीवर आधीच आणून ठेवू लागलो आणि निरीक्षकाला वर्दी आधी देऊ लागलो. आठ महिन्यांनी अडीच तासांची पंचवीस मिनिटे झाली. बोल्ट एकाच मापाचे करण्याची सूचना दहावी नापास झालेल्या एका हेल्परची होती, आणि ती त्याने पूर्वीही दोनदा केली होती असे मला नंतर कळले. ती ऐकून घ्यायला आम्ही इतका उशीर केला याचे मला आजही वाईट वाटते.

कारखान्यातली ही गोष्ट घरी उपयोगी पडेल असे तेव्हा मनात नव्हते. चार वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणेही अडखळू लागले. महिन्याभरात नातेवाईक जमले आणि माझ्यापुढे प्रश्न ठेवला गेला: नोकरी सोड, नाहीतर आईला कराडला दादाकडे पाठव. दादा आणि वहिनी मनापासून तयार होते, त्यामुळे यात कोणाचा वाईट हेतू शोधण्याचे कारण नाही. पण आईची चाळीस वर्षे चिंचवडच्या त्याच गल्लीत गेली होती. तिचे अडखळते शब्दही समजून घेणारी माणसे तिथेच होती. आणि माझी नोकरी हा घराचा एकमेव आधार होता.

मी आठ दिवस मागून घेतले आणि वहीत तासाप्रमाणे नोंदी केल्या. ‘आईची शुश्रूषा’ हा एकच अखंड शब्द सगळे वापरत होते. वहीत त्याचे बावीस तुकडे झाले. अंघोळ, व्यायाम, औषधे, जेवण, कूस बदलणे ही कामे शिकलेल्या कोणत्याही हाताला जमण्यासारखी होती आणि त्यासाठी ब्यूरोतून आलेल्या मावशी माझ्यापेक्षा अधिक कुशल होत्या. व्यायाम शिकवणाऱ्या ताई अकराला येत असत. दुपारी शेजारच्या काकू पेपर वाचून दाखवत, जो उपक्रम झटक्याच्या आधीपासूनच चालू होता. संध्याकाळी मात्र आई थकली की तिचे शब्द पार विस्कटत, ते कोणाला कळत नसत आणि ती घाबरून रडू लागे. साडेपाच ते आठ या वेळात तिच्याजवळ मीच हवी होते. ‘नोकरी सोड’ या सल्ल्याच्या पोटात असलेली खरी गरज एवढ्या अडीच तासांची होती.

मी कायमची पहिली पाळी मागितली. सकाळी सात ते साडेतीन. आमच्या कामात वरिष्ठांनी दिवसभर, रात्री आठपर्यंत, हजर असावे अशी रूढी होती, आणि तिच्यामागे कारण काय हे कोणालाच सांगता आले नाही. दुसऱ्या पाळीची सूत्रे मी माझ्या हाताखालच्या मुलाकडे दिली. तो त्यासाठी दोन वर्षे तयारच होता. वाट अडवून मी बसले होते.

हा हिशेब फुकटात जुळला असे मी म्हणणार नाही. मावशींच्या पगारासाठी आम्ही गाडी विकली, आणि पहाटे पाचला उठणे मला अजूनही जड जाते. शिवाय एक प्रश्न काही केल्या सुटला नाही. गेल्या वर्षी चेन्नईच्या नव्या कारखान्याची जबाबदारी माझ्याकडे आली होती. मी पुन्हा वही उघडली, तुकडे केले, आठवड्यातले तीन दिवस तिथे राहण्याची मांडणी करून पाहिली, संध्याकाळी फोनवर बोलून आई शांत होते का हेही दोन आठवडे करून पाहिले. ती शांत होत नव्हती. फोनमधला आवाज तिला आणखीच घाबरवत होता. इथे न बदलणारी गोष्ट खरोखरच न बदलणारी होती, आणि मी ते पद नाकारले. ते मला फार हवे होते.

नाकारल्याचे पत्र दिले त्या दिवशीही मी साडेतीनच्या बसने निघाले. आई दारातल्या खुर्चीत बसली होती आणि तिने डाव्या हाताने मला खूण करून काकूंच्या पेपरातली एक बातमी दाखवली. ती काय म्हणत होती ते समजायला मला दहा मिनिटे लागली. पावसाची बातमी होती.