करवंदीच्या जाळीचे वेळापत्रक

बागेतल्या फळांच्या बाबतीत माणूस आधी पदार्थ ठरवतो आणि मग बाजारात जातो. करवंदांच्या बाबतीत मात्र पदार्थ जाळीच ठरवते. मार्चच्या अखेरीस डोंगर चढलात तर हाती हिरवी, टणक, देठाशी मोडताच पांढरा चीक ओकणारी फळे लागतात आणि त्यांचे लोणचे घालण्याखेरीज फारसा पर्याय उरत नाही. मेच्या मध्यावर गेलात तर तीच जाळी काळ्याभोर फळांनी लगडलेली दिसते, आणि लोणच्याचा बेत करून निघालेल्या माणसालाही तो बेत जाळीपाशीच, पहिली मूठ तोंडात टाकल्यावर, सोडून द्यावा लागतो. पावसाची पहिली मोठी सर कोसळून गेल्यानंतर पोहोचलात तर फळे पाणचट झालेली असतात, त्यांत अळ्या पडू लागलेल्या असतात, आणि मग स्वयंपाकघरात कितीही कौशल्य असले तरी त्याचा उपयोग नसतो. कर्जत-कसाऱ्याच्या पायथ्यापासून महाबळेश्वरच्या पठारापर्यंत उंची आणि ऊन यांप्रमाणे हे वेळापत्रक आठ-पंधरा दिवस मागेपुढे होते, पण त्याचा क्रम बदलत नाही.

करवंदी ही कण्हेर, तगर आणि सदाफुली यांच्या कुळातली. तिच्या फुलांचा मंद सुवास आणि अंगातला चीक पाहिला की हे नाते चटकन पटते. कण्हेरीसारख्या विषारी वनस्पतीच्या कुळात इतके खाण्याजोगे फळ निपजावे याचे मात्र मला अजूनही नवल वाटते. उन्हाळ्याच्या तोंडाशी सगळे रान करपू लागले असताना ही जाळी पांढऱ्या, चांदणीच्या आकाराच्या फुलांनी भरते आणि पायवाटेवरून जाताना ती दिसण्याआधी तिचा वास येतो. तिचे काटे जोडीने येतात आणि चांगले राकट असतात. गुरे आणि शेळ्या तिच्या वाटेला फारशा जात नाहीत, त्यामुळे चरून चरून बोडक्या झालेल्या टेकडीवरही ती तग धरून राहते, आणि तिच्या आडोशाला उगवलेल्या एखाद्या झाडाच्या रोपालाही मोठे होण्याची संधी मिळते. बुलबुलांना हे काटे अडवत नाहीत. पिकलेल्या फळांवर त्यांचा पहिला हक्क असतो आणि बिया दूरवर पसरवून ते त्याची परतफेडही करतात.

हिरव्या करवंदांचे लोणचे हा तसा सोपा पदार्थ आहे, पण त्यातली सगळी मेहनत आधीच्या तयारीत असते. देठ काढले की चीक सुटतो आणि तो पाण्याने जात नाही. बोटांना आधी तेल लावून घेतले नाही तर तो दिवसभर बोटांवर राहतो. देठ काढलेली करवंदे पाण्यात टाकून, पाणी दोन-तीनदा बदलून, मग कापडावर पूर्ण कोरडी करावी लागतात, कारण ओलसर राहिलेले एक फळही सगळ्या बरणीला बुरशी आणू शकते. बिया काढाव्यात की ठेवाव्यात हा घराघरांतला जुना वाद आहे. फळे कोवळी असतील आणि बी अजून धरलेली नसेल, तर ती नुसती बत्त्याने हलकेच चेचावीत. निबर झाली असतील तर चिरून बी काढण्याला पर्याय नाही, हे माझे मत. पुढे मीठ, हळद, मोहरीची डाळ, मेथीची पूड, हिंग, तिखट आणि गार केलेली फोडणी, एवढेच. करवंद स्वतःच इतके आंबट असते की लिंबाची गरज पडत नाही. उलट काही घरांत त्यात कैरीच्या फोडी घालतात, त्याही आंबटपणासाठी नव्हे, तर मऊ पडणाऱ्या फोडींबरोबर करवंदाचा करकरीतपणा उठून दिसावा म्हणून. भांडे चिनी मातीचे किंवा काचेचेच हवे. इतक्या आंबट पदार्थाला पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा संपर्क मानवत नाही.

एप्रिलमध्ये फळाच्या एका गालावर लाली चढते. ही अर्धवट पिकलेली करवंदे बाजारात फारशी येत नाहीत, कारण लोणचेवाल्यांच्या दृष्टीने ती उशिराची आणि खाणाऱ्यांच्या दृष्टीने लवकरची असतात. परंतु चटणीसाठी त्यांच्यासारखी दुसरी नाहीत. वाटीभर ओल्या खोबऱ्याला सात-आठ करवंदे, दोन हिरव्या मिरच्या, जिरे, मीठ आणि आंबटपणाच्या बेताने गूळ घेऊन पाट्यावर वाटले, की जी फिकट गुलाबी चटणी तयार होते ती तांदळाच्या भाकरीबरोबर खाताना दुसऱ्या कालवणाची आठवण होत नाही. गूळ मात्र हात राखून घालावा. चिंचेचा आंबटपणा गुळात सहज विरघळून जातो; करवंदाचा तसा जात नाही, त्याच्यामागे एक तुरटपणा उभा असतो, आणि तो पुसून टाकण्याइतका गूळ घातला तर ती चटणी करवंदांची राहत नाही.

मग मे उजाडतो, आणि घाटरस्त्यांच्या वळणांवर, एसटी स्थानकांवर, लोकल गाड्यांच्या डब्यांत पाट्या दिसू लागतात. "डोंगराची काळी मैना" ही हाक ज्यांनी ऐकली आहे त्यांना ती कुठल्याही आवाजात ओळखू येते. ठाकर, कातकरी, महादेव कोळी बायाबापड्या पहाटे उठून डोंगर चढतात, उन्हे तापायच्या आत हातांवर ओरखडे घेत फळे तोडतात आणि दुपारपर्यंत रस्त्याला येऊन बसतात. पळसाच्या किंवा सागाच्या पानाच्या द्रोणात करवंदे ओतताना वर आणखी चार फळे टाकण्याचा त्यांचा मोठेपणा असतो. एकेक फळ काट्यांतून सोडवून आणलेल्या त्या मालाचा भाव करताना आपली जीभ कशी रेटते, हे मला कळत नाही. द्रोणाचीही एक गोष्ट सांगायला हवी. पानात फळांना हवा लागते आणि ती संध्याकाळपर्यंत टिकतात; प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली करवंदे मात्र आपल्याच वाफेने घामेजतात, एकमेकांच्या भाराने फुटतात आणि घरी पोहोचेपर्यंत त्यांचा काला होतो. पिशवी देऊ का, असे हल्ली विक्रेतीच विचारते. तिला नाही म्हणावे आणि रुंद तोंडाचा डबा जवळ बाळगावा.

पिकलेले करवंद शिजवू नये, निदान पहिल्या दोन आठवड्यांत तरी नाही. ते उन्हात थोडे कोमटलेले असतानाच खावे. साल दातांखाली फुटते, आधी गोड, मग आंबट आणि शेवटी ओठांवर चिकाचा किंचित थर, असा त्याचा क्रम असतो. त्यातल्या चपट्या बिया थुंकत बसणारी माणसे असतात. त्या बियांसकट गिळणारी अधिक असतात आणि त्यांचे काही बिघडत नाही. मुलांचा खेळही याच दिवसांतला. फळ न फोडता समोरच्याला विचारायचे, "कोंबडा की कोंबडी?" फोडल्यावर आतून लालभडक निघाले तर कोंबडा, पांढुरके निघाले तर कोंबडी. बाहेरून दोन्ही सारखीच काळी दिसतात, म्हणूनच या पैजेत मोठ्यांचा अनुभव काही कामाला येत नाही, आणि मुलांना तो खेळ आवडण्याचे खरे कारण तेच असावे असा माझा तर्क आहे.

शिजवण्याची वेळ येते ती हंगामाच्या उतारावर, जेव्हा पाटीच्या तळाशी दबलेली, मऊ पडलेली, सालीला चिरा गेलेली फळे उरतात. ही टाकून द्यायची नसतात. त्यांचे सरबत तर होतेच. फळे हाताने कुस्करून, गाळून, साखर, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड घातली की जांभळट लाल रंगाचे जे पेय मिळते त्याला बाटलीतल्या कुठल्याही सरबताची सर येत नाही. पण या फळाची खरी गुणवत्ता जेलीत दिसते. जेली गोठायला तीन गोष्टी लागतात: पेक्टिन (फळातला रस गोठवणारा घटक), आम्ल आणि साखर. बहुतेक फळांत यांपैकी काहीतरी कमी पडते आणि मग लिंबू पिळा, बाजारची पूड घाला, अशी धावपळ करावी लागते. करवंदात पेक्टिन आणि आम्ल दोन्ही भरपूर असल्यामुळे साखरेखेरीज त्याला बाहेरून कशाचीही मदत लागत नाही. फळ पिकत जाते तसे त्यातले पेक्टिन कमी होते, म्हणून जाणत्या बायका पिकलेल्या करवंदांत मूठ-दोन मुठी लालसर, अर्धकच्ची फळे मिसळतात. रंग आणि स्वाद पिकलेल्यांचा, गोठण्याचे काम कच्च्यांचे.

फळे जेमतेम बुडतील इतक्या पाण्यात ती मऊ होईपर्यंत शिजवावीत, डावाने चेचावीत आणि पातळ कापडात बांधून टांगून ठेवावीत. आता कसोटी आहे ती धीराची. कापड पिळण्याचा मोह प्रत्येकाला होतो, कारण आत अजून पुष्कळ रस दिसत असतो. पण पिळले की गराचे बारीक कण रसात उतरतात आणि काचेसारखी पारदर्शक व्हायची ती जेली गढूळ होते. आपोआप ठिबकून आलेला रस मोजावा, जितक्या वाट्या रस तितक्याच वाट्या साखर घालावी आणि मोठ्या आचेवर उकळावे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर साधारण 104 ते 105 अंश सेल्सियसला थांबावे. त्या तापमानाला मिश्रणातले साखरेचे प्रमाण 65 टक्क्यांच्या आसपास पोहोचलेले असते. नसेल तर एक थेंब थंड बशीवर टाकून बोटाने सरकवून पाहावा. वर सुरकुती पडली की झाले. अजून थोडे आटवू असे म्हणत राहिलात तर साखर घट्ट चिकट होते आणि जास्त उकळल्याने पेक्टिनही तुटते, म्हणजे धड जेली नाही आणि धड पाक नाही असे काहीतरी हाती येते. पातेल्याच्या कडेला चिकाची एक चिवट रेघ राहते. तिच्याशी घासणीने झुंजण्यापेक्षा तेलाचा बोळा फिरवावा.

ही जेली एवढी देखणी होते की करवंदांना शहरी मानमरातब मिळायला हरकत नव्हती. तो मिळालाही, पण वेषांतर करून. बेकरीतल्या केकवर जी लालचुटुक चेरी बसलेली असते ती पुष्कळदा चेरी नसून करवंदच असते: कच्च्या फळातली बी काढून, त्याचा मूळ रंग उतरवून, त्यावर लाल रंग चढवून आणि साखरेच्या पाकात मुरवून तयार केलेले. टूटीफ्रूटीत कच्ची पपई असते, तसाच हा प्रकार. त्या गोळीत करवंदाचा आंबटपणा नाही, तुरटपणा नाही, चीक नाही. उरला आहे तो केवळ त्याचा आकार आणि शिजूनही न विरघळणारा घट्टपणा. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी आणि रासबेरी खोक्यांत मांडून विकल्या जातात आणि त्याच रस्त्याच्या कडेला करवंदे पाटीत बसलेली असतात, तेव्हा मला पाटीतली करवंदे अधिक सुखी वाटतात.

करवंदांच्या मागेपुढे रानात आणखीही बरेच काही असते. तोरणांची पांढरी, पिठूळ गोडीची फळे, आमगुळांची आंबटढाण लाली, आणि जांभळे तर ऋतूचा शेवट घेऊनच येतात. परंतु ओळखीच्या माणसाने दाखवल्याशिवाय रानातले कुठलेही काळे किंवा लाल फळ तोंडात टाकू नये. पक्षी खातात म्हणजे आपल्यालाही चालते हा समज चुकीचा आहे. पक्ष्यांना पचणारी कित्येक फळे माणसाला बाधतात. घाणेरीचे घोस करवंदीच्या शेजारीच उभे असतात, तिची पिकलेली फळेही काळीच दिसतात आणि कच्ची फळे विषारी असतात. करवंदीची खूण म्हणून जोडीचे काटे, समोरासमोर येणारी जाडसर चकचकीत पाने आणि देठातला पांढरा चीक या तीन गोष्टी एकत्र पाहाव्यात. नुसता चीक पाहून ठरवले तर कण्हेरही करवंदी वाटेल.

सरबत गाळल्यावर चाळणीत उरणाऱ्या बिया शिजलेल्या नसतात, आणि त्या साठवून ठेवल्या तर लवकरच निकामी होतात. म्हणून त्या लगेच, पहिल्या पावसात, परसाच्या कडेने पेरून टाकाव्यात. रोपे सावकाश वाढतात, पण एकदा रुजली की पाण्याची किंवा खताची मागणी करत नाहीत, आणि काही वर्षांत कुंपण धरू लागते. फळे येईपर्यंत जाळी इतकी दाट होते की गुरे आत येत नाहीत आणि शेजारची पोरे तर मुळीच नाहीत. मात्र आतल्या बाजूची, सर्वांत काळी आणि टपोरी करवंदे तोडायला मालकालाही हात घालता येत नाही, आणि ती बुलबुलांच्याच वाट्याला जातात.