४० मीटर डायपोलचा चोक: तिसरा प्रयत्न

माझ्या हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडच्या (७ मेगाहर्ट्झ) डायपोल अँटेनाला चोक म्हणून, म्हणजे केबलच्या बाहेरून वाहणारा नको तो करंट अडवायला, लावलेली हवेची गुंडाळी (कोअर नसलेली, केबलचीच) अखेर काढून टाकली. १०० वॅटवर ट्रान्समिटरची की (बटण) दाबली की लॅपटॉपचा कर्सर उड्या मारायचा, माइकची जाळी ओठाला चटका द्यायची. एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) मात्र १.३! डायपोलच्या मध्याशी कोॲक्स केबलच्या शील्डच्या (मधल्या तारेभोवतीच्या जाळीच्या) बाहेरच्या बाजूला करंटसाठी आणखी एक वाट मिळते. ती थेट खोलीत उतरते आणि एसडब्ल्यूआर मीटर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

११० मिमीच्या पाइपवर ११ वेढे दिले होते. क्लिप-ऑन फेराइट, डायोड आणि काट्याचा मीटर जोडून कोॲक्सवरचा करंट बघितला, तर गुंडाळी लावल्यावर काटा आधीपेक्षा वर! मग कोॲक्समध्ये ३ मीटरचा तुकडा वाढवला आणि काटा झपकन खाली आला. तिथे कोडं सुटलं. अशी गुंडाळी जवळजवळ निव्वळ इंडक्टिव्ह असते. शील्डची बाहेरची बाजू त्या लांबीला कपॅसिटिव्ह असेल, तर दोघींचा उलट चिन्हांचा रिॲक्टन्स (एसी करंटला होणारा, ऊर्जा न खाणारा विरोध) एकमेकांना खाऊन टाकतो आणि करंटला रान मोकळं. म्हणून आता मी चोकचे नुसते ओहम बघत नाही, त्यातला रेझिस्टिव्ह भाग किती ते बघतो.

दुसरा प्रयत्न ४३ मिक्सच्या (फेराइटचा एक प्रकार) कड्यावर ९ वेढ्यांचा. त्याच्या विरोधाचं शिखर वरच्या बँडांकडे गेलं, ७ मेगाहर्ट्झला जीव कमी.

आता एफटी२४०-३१ (३१ मिक्सचं फेराइट कडं), त्यावर आरजी-४०० कोॲक्सचे १४ वेढे. आरजी-५८ मुद्दाम टाळली: इतक्या घट्ट वळणात केबल तापली की मऊ पॉलिइथिलीनमधून मधली तार सरकते. नॅनो-व्हीएनएवर (खिशात मावणारं मोजणी यंत्र) फक्त शील्ड दोन पोर्टांच्या मधल्या पिनांमध्ये जोडली, वायरी शक्य तितक्या आखूड ठेवून. (आधी लांब क्लिपा लावल्या होत्या, शिखर भलतीकडेच दिसत होतं.) ७.१ मेगाहर्ट्झला एस२१ (एका पोर्टातून दुसऱ्यात किती सिग्नल पोचतो ते) उणे ३६ डीबी. त्यावरून चोकचा एकूण विरोध, झेड = १०० × (१/एस२१ − १), फेज धरून: रेझिस्टन्स सुमारे ५५०० ओहम, रिॲक्टन्स २५०० च्या आसपास. असाच चोक हवा होता!

अँटेनावर चढवला. काटा हलेना, कर्सर जागेवर, आणि बँडवरची घरघरही कमी झाली. घरातल्या पॉवर सप्लायचा गोंगाट याच शील्डवरून वर चढत होता. दहा मिनिटं एफटी८ (डिजिटल संदेशांची पद्धत) चालवून कोअरला हात लावला, जेमतेम कोमट.

२८ मेगाहर्ट्झला हा चोक बराच ढिला पडतो. त्या बँडसाठी कमी वेढ्यांचा वेगळा गुंडाळतोय, आकडे पुढच्या नोंदीत.